या मांडीवरून त्या मांडीवर

किनवटहून माहूर फार लांब नाही. डोंगरावर रेणुकेचं, दत्ताचं आणि अनसूयेचं अशी तीन ठिकाणं आहेत. रेणुकेला गर्दी असते, दत्तशिखरावरही असते. अनसूयेपर्यंत जाणारे त्या मानाने कमी. तिची कथा मात्र सगळ्यांना पाठ असते. तीन देव अतिथी होऊन दारात आले, सत्त्वपरीक्षा पाहू लागले आणि तिने त्यांची तान्ही बाळं करून टाकली. लहानपणी या कथेतला चमत्कार आवडायचा. पुढे नावाकडे लक्ष गेलं. दत्त म्हणजे दिलेला. अत्रींना दिलेला, म्हणून दत्तात्रेय. देवाने मुलगा म्हणून स्वतःलाच देऊन टाकलं, असा त्याचा अर्थ पुराणिक सांगतात. ‘दत्तक’ हा शब्दही त्याच धातूतून आलेला.

आमच्या भागात बायामाणसं बोलताना ‘दत्तक’ शब्द फारसा वापरत नाहीत. ‘भावाचं लेकरू मांडीवर घेतलं’ असं म्हणतात. ही नुसती बोलण्याची लकब नाही. जुन्या दत्तकविधानात खरोखरच मूल एकाने द्यायचं आणि दुसऱ्याने मांडीवर घ्यायचं असतं. मंत्र आणि होम त्यानंतरचे. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने होम ऐच्छिक केला, पण देणं-घेणं ठेवलं. मूल एका कुटुंबातून दुसऱ्या कुटुंबात जावं अशा हेतूने ते प्रत्यक्ष दिलं गेलं पाहिजे आणि घेतलं गेलं पाहिजे, असं त्या कायद्याचं अकरावं कलम सांगतं. म्हणजे दत्तकाला दोन मांड्या लागतात, एक देणारी आणि एक घेणारी.

महाराष्ट्रातली मुलं गेली पन्नासेक वर्षं स्वीडन, जर्मनी, स्वित्झर्लंड, अमेरिका, इटली, स्पेन अशा देशांत दत्तक जात आहेत. त्यांची आणि नव्या आईबापांची पहिली भेट हा अनेक पुस्तकांचा, माहितीपटांचा आणि अलीकडे मोबाइलवरच्या चित्रफितींचा विषय झाला आहे. आईबाप हजारो मैलांवरून येतात, दार उघडतं, आतून कोणीतरी मूल घेऊन येतं आणि सगळे रडतात. मीही रडलो आहे. पण त्या चित्रात घेणारी मांडीच दिसते. देणारी कुठे गेली, ती कधी नाहीशी झाली, याचा माग काढावा म्हणून हा लेख.

*

आपल्या इतिहासात दत्तकाची जी प्रकरणं प्रसिद्ध आहेत ती सगळी गादीची आहेत. झाशीच्या गंगाधररावांनी मरणाच्या आदल्या दिवशी घेतलेला दत्तक डलहौसीने नाकारला आणि पुढचं सगळं घडलं. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४मध्ये कोल्हापूरला दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. पण भेटीची म्हणून जी गोष्ट सांगायची, ती बडोद्याची.

१८७५च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केलं. खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली. गायकवाडांची एक शाखा नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाच्या गावात शेती करून राहत होती. तिथली मुलं बडोद्याला आणली गेली. तुम्ही इथे कशाला आलात, असं प्रत्येकाला विचारलं तेव्हा बाकीची गोंधळली आणि बारा वर्षांचा गोपाळ म्हणाला, राज्य करायला. ही आख्यायिका आहे, खरीखोटी कोण सांगणार! २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झालं आणि गोपाळचा सयाजीराव झाला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. एलियट नावाचा इंग्रज शिक्षक नेमून अगदी मुळापासून सुरुवात करावी लागली.

घर, गाव, नाव, बोलण्याची रीत, ताटातलं अन्न हे सगळं एका उन्हाळ्यात बदललं. आज परदेशी दत्तक गेलेल्या मोठ्या वयाच्या मुलांबद्दल मानसशास्त्रज्ञ जे सांगतात, ते सगळं त्या मुलाच्या वाट्याला आलं असणार. फरक एवढाच, की आपण कोणाचे हे त्याला माहीत होतं. वडील काशीराव आणि आई उमाबाई कोणापासून लपवलेले नव्हते. भाऊ संपतराव पुढे बडोद्यातच वावरले. मूल दिलं होतं, देणाऱ्याला पुसलं नव्हतं.

हे दत्तक अर्थात लेकरासाठी नव्हतं. ते गादीसाठी, वतनासाठी, पिंडदानासाठी होतं. मुलगाच लागायचा, तोही जातीतला आणि शक्यतो भाऊबंदातला. ज्याला कोणी नाही असं मूल या व्यवस्थेत बसतच नव्हतं, कारण त्याला द्यायला कोणी नव्हतं. आणि देणाऱ्याशिवाय दत्तक होत नव्हता.

(जाता जाता सांगायला हरकत नाही, की आमचा किनवट तालुकाही असाच दत्तक आलेला आहे. १९५६पर्यंत तो आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो नांदेडच्या मांडीवर आला. जुन्या घराची भाषा अजून बाजारात ऐकू येते.)

*

न दिलेल्या मुलांचा विचार करणारे लोक एकोणिसाव्या शतकात पुढे आले. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं, मूल मारू नये, हवं तर ठेवून जावं. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी स्वतःच घेतला, तोच यशवंत. जात नाही, गादी नाही, पिंडाची अपेक्षा नाही. मराठी माणसाने केलेलं हे पहिलं आधुनिक दत्तक म्हणायला हरकत नसावी. इथेही देणारी आई नावानिशी माहीत आहे.

पंढरपुरात प्रार्थना समाजाच्या मंडळींनी १८७५च्या सुमारास बालकाश्रम सुरू केला. तोच आजचा नवरंगे बालकाश्रम. वारीच्या निमित्ताने विधवा पंढरपुरात येत, बाळंत होत आणि मूल ठेवून परत जात. पाठोपाठ १८७६-७७चा दुष्काळ आला आणि टाकलेल्या मुलांत भुकेने पोरकी झालेली मुलं मिसळली. देणारी मांडी पहिल्यांदा अंधारात गेली ती इथे. हे अंधारात जाणं तिच्या भल्याचंच होतं, हेही सांगितलं पाहिजे. उजेडात आली असती तर गावाने तिला जगू दिलं नसतं. १८८१मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर मूल मारल्याचा खटला चालला, वर्तमानपत्रांनी समस्त बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं आणि त्या रागातून ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. नाव न सांगता मूल ठेवून जाण्याची सोय म्हणजे त्या काळी जीव वाचवण्याचीच सोय होती, लेकराचा आणि बाईचाही.

पुण्याच्या ससून रुग्णालयाजवळचं ‘श्रीवत्स’ याच वाटेवरचं. तिथवर आपण पुन्हा येऊ. मधल्या काळात बाहेरच्या जगात एक वेगळीच गोष्ट घडत होती. तिच्याशिवाय आपली मुलं विमानात कशी बसली ते कळणार नाही.

*

मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात दत्तक नेण्याची मोठी लाट कोरियन युद्धानंतर उठली. अमेरिकेतल्या ओरेगनचा हॅरी होल्ट नावाचा शेतकरी १९५५मध्ये कोरियात गेला आणि बारा मुलं घेऊन परतला. त्यातली आठ त्याने आणि त्याची बायको बर्था यांनी स्वतः घेतली. मग मागणी वाढली. प्रत्येकाला कोरियाला जाणं परवडणारं नव्हतं, म्हणून मुखत्यारपत्रावर दत्तक घ्यायची रीत पडली. कागद तिकडे जायचे आणि मुलं खास विमानाने इकडे यायची. आईबाप विमानतळावर नावाची पाटी शोधत उभे असायचे. अमेरिकेने ही मुखत्यारीची पद्धत १९६१मध्ये बंद केली, पण विमानतळावरची भेट राहिली.

या प्रवासाचं सगळ्यात भयंकर टोक १९७५च्या एप्रिलमध्ये दिसलं. सायगाव पडायच्या बेतात असताना अमेरिकेने तिथल्या अनाथालयांतली मुलं हवाई मार्गाने बाहेर काढायला घेतली. ४ एप्रिलला पहिलंच मोठं लष्करी मालवाहू विमान कोसळलं. १३८ माणसं गेली, त्यांत ७८ मुलं होती. मोहीम तरीही चालू राहिली. त्या मुलांतल्या सगळ्यांनाच आईबाप नव्हते असं नाही, हे नंतर न्यायालयांत निघालं.

भारतातून मुलं परदेशी जायला लागली ती याच दशकात. कायद्याची एक मोठी अडचण होती. १९५६चा कायदा फक्त हिंदूंना लागू (त्यात बौद्ध, जैन, शीख आले). ख्रिस्ती जोडप्याला भारतात दत्तक घेताच येत नव्हतं. सर्वांना लागू होईल असा दत्तक कायदा करण्याचं विधेयक १९७२मध्ये आणि पुन्हा १९८०मध्ये आलं, धर्माच्या नावाने विरोध झाला आणि दोन्ही वेळा बारगळलं. मग पळवाट म्हणून १८९०चा पालक आणि पाल्य कायदा वापरात आला. परदेशी जोडप्याने जिल्हा न्यायालयात पालकत्व मागायचं, मूल देशाबाहेर न्यायची परवानगी घ्यायची आणि दत्तक आपल्या देशात जाऊन करायचं. म्हणजे मूल भारतातून निघताना कोणाचंच नसायचं. पाल्य म्हणून विमानात चढायचं आणि मुलगा किंवा मुलगी व्हायला आणखी काही महिने जायचे. अर्जासाठी आईबाप यायलाच हवेत असंही नव्हतं. वकील उभा राहायचा. मूल परदेशी निघालेल्या कोणा भल्या माणसाच्या सोबतीने पाठवलं जायचं.

१९८२मध्ये लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. कोवळ्या मुलांना दूरदेशी जिवावरचा प्रवास करायला लावतात, त्यातून वाचली तर तिकडे त्यांचे हाल होतात, अशी त्यांची तक्रार होती. त्या पत्रालाच याचिका मानलं गेलं. न्यायमूर्ती भगवती यांनी ६ फेब्रुवारी १९८४ रोजी निकाल दिला आणि कायदेमंडळाने जे केलं नव्हतं ते न्यायालयाने करून टाकलं. मुलासाठी आधी भारतीय घर शोधा. परदेशी जोडप्याचा अर्ज त्यांच्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच यावा. त्यांच्या घराचा आणि मुलाचा अभ्यास करून अहवाल द्या. जन्मदात्यांवर दबाव आणू नका. १९९०मध्ये स्थापन झालेलं केंद्रीय दत्तक प्राधिकरण, ज्याला सगळे ‘कारा’ म्हणतात, ते याच निकालाचं अपत्य.

निकाल वाचताना मी एका ठिकाणी थांबलो. पालकत्वाच्या अर्जाची नोटीस वर्तमानपत्रात छापू नये, असं त्यात सांगितलं आहे. कारण छापली तर जन्मदात्यांना मूल कोणाकडे चाललं ते कळेल. उद्देश चांगलाच होता. उद्या कोणी दारात येऊन पैसे मागू नयेत, लेकराची ओढाताण होऊ नये. पण ज्या विधीत दोन मांड्या समोरासमोर असायच्या, त्यात आता दोघींनी एकमेकींना पाहूच नये असा बंदोबस्त झाला. पंढरपूरची विधवा स्वतःहून अंधारात गेली होती. इथे अंधार नियमात आला.

*

मूल विमानतळावर उतरतं तेव्हा काय होतं, याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण आमच्या रेल्वेमार्गाच्या टोकाचं आहे. नांदेड-पूर्णा-अकोल्याहून जुनी मीटरगेज खंडव्याला जायची. आमच्याकडच्या लोकांना उत्तरेत जायचं तर खंडवा हे गाडी बदलण्याचं ठिकाण. तिथल्या गणेश तलाई वस्तीतला पाच वर्षांचा शेरू १९८६मध्ये थोरल्या भावाबरोबर बुऱ्हाणपूरला गेला, फलाटावर एकटा पडला, गाडीत चढून झोपला आणि कलकत्त्यात उतरला. गावाचं नाव सांगता येईना. आपलं नावही तो ‘सरू’ असं सांगे. शोध लागला नाही, ‘हरवलेला’ अशी नोंद झाली आणि १९८७मध्ये तो ऑस्ट्रेलियात टास्मानियाच्या ब्रायर्ली दाम्पत्याकडे गेला.

आईबाप त्याला घ्यायला भारतात आले नव्हते. इतर काही मुलांबरोबर त्याला विमानाने मेलबर्नला नेलं आणि ते होबार्टहून तिथे आले. त्याआधी त्यांनी फोटोंचा एक छोटा अल्बम पाठवला होता. हे आम्ही, हे घर, हे विमान. संस्थेतल्या बाईंनी त्यावर बोट ठेवून ठेवून त्याला शिकवलं. सरू ब्रायर्लीने आठवणींच्या पुस्तकात हे सगळं लिहिलं आहे, त्यावरचा ‘लायन’ हा चित्रपटही अनेकांनी पाहिला असेल. मला त्यात सर्वांत जास्त लागली ती नावांची मोडतोड. शेरूचा सरू झाला. गणेश तलाईचं ‘गिनेस्टले’ झालं. ज्या शब्दांनी घरी परतता आलं असतं, ते शब्दच त्याच्या तोंडात बिघडून गेले.

मुलं जुनी भाषा किती झपाट्याने विसरतात यावर संशोधन झालं आहे. फ्रान्समध्ये ख्रिस्तोफ पालिये आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये काही प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोरियात जन्मलेली ही माणसं तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रेंच घरांत दत्तक गेली होती. त्यांना कोरियन वाक्यं इतर परक्या भाषांतून वेगळी ओळखता आली नाहीत. मेंदूच्या चित्रणातही फरक दिसेना. आठ वर्षांचं मूल म्हणजे तिसरीत जाणारं, भांडण करणारं, गोष्ट सांगणारं मूल, आणि त्याची भाषा अशी पुसून जाते! पुढे २०१४मध्ये माँट्रियलमध्ये चिनी जन्माच्या मुलींवर झालेल्या अभ्यासात थोडं वेगळं निघालं. चिनी भाषेचा एक शब्द येत नसला तरी त्या भाषेतले चढउतार कानांवर पडले की त्यांचा मेंदू चिनी बोलणाऱ्यांसारखाच वागत होता. म्हणजे शब्द जातात आणि खाली कुठेतरी चाल राहते. नांदेड-लातूरकडून गेलेल्या एखाद्या लेकराच्या डोक्यात आमच्या हेलाची चाल तिकडे बर्फात राहिली असेल का, असं मनात येतं.

*

नंतर प्रवासाची दिशा बदलली. मुलाने जायचं, याऐवजी आईबापांनी यायचं अशी रीत रुळली. याचं पुण्यातलं जुनं आणि सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे लिसा स्थळेकर. १३ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्यात जन्मलेली ही मुलगी ‘श्रीवत्स’मध्ये होती, तिथे तिचं नाव लैला. हरेन स्थळेकर मुंबईचे, पत्नी स्यू इंग्रज, राहायला अमेरिकेत. एक मुलगी त्यांनी आधीच बंगळुरातून घेतली होती आणि या वेळी त्यांना मुलगा हवा होता. मनासारखं झालं नाही आणि परतायची वेळ आली, तेव्हा त्यांना ही तीन आठवड्यांची मुलगी दाखवण्यात आली. पुढे अमेरिका, केनिया असं करत कुटुंब ऑस्ट्रेलियात गेलं. लिसा ऑस्ट्रेलियाच्या संघातून खेळली आणि एकदिवसीय सामन्यांत हजार धावा व शंभर बळी घेणारी पहिली स्त्री ठरली. २०१३चा विश्वचषक मुंबईत जिंकून तिने निवृत्ती घेतली. त्याआधी २०१२मध्ये ती ‘श्रीवत्स’ पाहून गेली होती. तिच्या गोष्टीवर आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं आणि दरवेळी एकच सूर असतो: जिला टाकलं ती बघा कुठे पोचली. मला हा सूर आवडत नाही. ‘टाकलं’ म्हणणारे आपण कोण? तिला तिथे ठेवणाऱ्या बाईबद्दल आपल्याला काहीही माहीत नाही.

भारताने २००३मध्ये आंतरदेशीय दत्तकाबाबतचा हेग करार स्वीकारला. २०००च्या बालन्याय कायद्याने धर्माची अट न ठेवता सर्वांना दत्तकाचा मार्ग मोकळा झाला. आता सगळं संगणकावर चालतं. परदेशी जोडप्याने आपल्या देशातल्या अधिकृत संस्थेकडे नोंदणी करायची, गृहभेटीचा अहवाल चढवायचा आणि वाट पाहायची. मुलासाठी आधी देशातलं घर शोधलं जातं, न मिळाल्यास ते मूल परदेशी अर्जदारांना दिसू लागतं. फोटो, बालक अहवाल आणि वैद्यकीय अहवाल येतो. होकार कळवायचा, ‘कारा’चं ना-हरकत पत्र, दत्तकाचा आदेश, पारपत्र आणि मग तिकीट. २०१८-१९ या वर्षात देशांतर्गत ३,३७४ आणि परदेशी ६५३ दत्तकं झाली. परदेशी जाणाऱ्यांत मोठा भाग आजारी, अपंग किंवा वयाने मोठ्या मुलांचा असतो. आपल्या लोकांना दोन वर्षांच्या आतलं आणि धडधाकट मूल हवं असतं. हृदयाला छिद्र असलेलं, ओठ फाटलेलं, पाय वाकडा असलेलं लेकरू इटलीच्या शिक्षिकेकडे किंवा अमेरिकेतल्या सुताराकडे जातं. परदेशी दत्तकावर तोंड सोडणाऱ्यांनी आधी याचं उत्तर द्यावं.

भेटीच्या दिवसाबद्दल जेवढं वाचलं-ऐकलं, त्यात सगळ्या गोष्टी एकाच ठिकाणी येऊन ठेपतात. आईबाप महिनोन्‌महिने फोटो पाहून पाहून मुलाच्या प्रेमात पडलेले असतात. मुलाने मात्र त्यांना पडद्यावर दोन-चार वेळा पाहिलेलं असतं. त्याचं सगळं जग म्हणजे त्याला भरवणारी, न्हाऊ घालणारी, रात्री उठून दूध देणारी संस्थेतली मावशी. पाहुण्यांनी आणलेलं खेळणं ते घेतं, पण जवळ घेतलं की मावशीकडे हात करतं. आईबाप ‘ये’, ‘पाणी’, ‘बाळा’ असे चार मराठी शब्द पाठ करून आलेले असतात. मग मावशीच त्याला उचलते, नव्या आईच्या मांडीवर ठेवते आणि खोलीबाहेर जाते.

हे पाहिल्यावर मला वाटलं, देणारी मांडी अगदीच गेलेली नाही. ती पगारी झाली आहे, आणि पगारही बेताचाच. या देणाऱ्या मावशीचं नाव कोणत्याही आदेशात नसतं.

*

मराठवाड्यातल्या वाचकाला इथे किल्लारी आठवणारच. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपतीचं विसर्जन करून लोक झोपले असताना, लातूर-उस्मानाबादची गावं दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. सुमारे दहा हजार माणसं मेली. पोरकी लेकरं रानोमाळ. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्थांनी सुमारे १,२०० भूकंपग्रस्त मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. वसतिगृह, शाळा, मराठीतच शिक्षण. त्यांना नवे आईबाप दिले नाहीत, पण नाव, आडनाव आणि गाव राहिलं. वसतिगृह म्हणजे घर नव्हे, हे खरं. तरी मला तो निर्णय मोठा वाटतो. आपत्तीनंतर कोण खरोखर पोरकं आणि कोणाचा काका-मामा दवाखान्यात बेशुद्ध पडलेला आहे, हे कळायला महिने लागतात. हैतीत २०१० साली भूकंपानंतर दोन-अडीच आठवड्यांतच अमेरिकेच्या एका धार्मिक गटाला ३३ मुलं सीमेपार नेताना पकडलं. बहुतेकांचे आईबाप जिवंत होते. चांगली शाळा मिळेल म्हणून त्यांनी मुलं दिली होती, कायमची दिली होती असं त्यांना वाटतच नव्हतं.

असं आपल्याकडेही घडलं आहे. पुण्याच्या प्रीत मंदिर या संस्थेवर आरोप झाले, की गरीब आईबापांची मुलं त्यांना नीट न समजावता घेतली आणि परदेशी पालकांकडून नियमाबाहेर पैसे उकळले. २०१०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने चौकशी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेली. परदेशातही जुन्या फायली उघडू लागल्या. नेदरलँड्सने २०२१मध्ये चौकशी समितीच्या अहवालानंतर परदेशी दत्तक थांबवलं. स्वित्झर्लंडमधल्या झ्युरिक आणि थुर्गाऊ या दोन प्रांतांत १९७३ ते २००२ या काळात भारतातून आलेल्या मुलांचा अभ्यास झाला. त्या पुस्तकाचं नावच आहे ‘आई अज्ञात’. कागदोपत्री आईच्या जागी हेच लिहिलेलं सापडे.

ती मुलं आता चाळिशी-पन्नाशीची आहेत आणि उलट दिशेने प्रवास करतात. १९७३मध्ये पुण्यात जन्मून जर्मनीत वाढलेले अरुण डोहले स्वतःची फाइल पाहायला मिळावी म्हणून वर्षानुवर्षं भारतातल्या न्यायालयांत भांडले. आई भेटायला २०१० साल उजाडलं. आजच्या नियमांत मूळ शोधण्याचा हक्क मान्य आहे, पण जन्मदात्यांच्या खाजगीपणाला धक्का न लावता. त्या दोन वाक्यांची एकमेकींशी कुस्ती आहे. चाळीस वर्षांपूर्वी कोणालाही न सांगता मूल ठेवून गेलेली बाई आता आजी झालेली असेल. तिच्या दारात परदेशी कपड्यांतला, तिच्यासारख्याच हनुवटीचा माणूस येऊन उभा राहिला, तर तिने शेजाऱ्यांना काय सांगायचं? आणि त्याने न यावं, असं तरी कोणत्या तोंडाने म्हणायचं? मला याचं उत्तर येत नाही. दोघांपैकी एकाची बाजू घ्यावीच लागली तर मी त्याची घेईन, कारण त्याला कोणी विचारलं नव्हतं. पण तिलाही बहुधा कोणी विचारलं नव्हतं.

शेरूच्या आईने मूल दिलं नव्हतं, ते हरवलं होतं. त्यामुळे तिच्यापुढे हा पेच नव्हता. उपग्रहाचे नकाशे रात्र रात्र धुंडाळून त्याने २०११मध्ये खंडवा ओळखलं आणि २०१२च्या फेब्रुवारीत तो गणेश तलाईत पोचला. जुन्या खोलीला कुलूप होतं. आईने घर बदललं होतं, पण वस्ती सोडली नव्हती. पोरगा परत आला तर त्याला सापडायला हवं, म्हणून ती तिथेच चार पावलांवर राहिली होती. पंचवीस वर्षांनी दोघं समोरासमोर आले. त्याला इंग्रजी येत होतं, तिला हिंदी. शेजारच्या, इंग्रजी जाणणाऱ्या एका बाईला बोलावून आणलं, तिला मध्ये बसवलं आणि मायलेकरं बोलू लागली.